लॅब्राडोरच्या मच्छीमार गावात अँग्लिकन पाळक म्हणून सेवा करताना

कॅनडातील न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर प्रांतातल्या लॅब्राडोरच्या आग्नेय किनाऱ्यावर कार्टराइट, मेरीज हार्बर, सेंट लुईस यांसारखी मच्छीमार गावे आहेत. त्यांपैकी एखाद्या गावी पाळक म्हणून तुमची नेमणूक झाली असेल, किंवा बिशपांशी तसे बोलणे चालू असेल, तर सामानाची बांधाबांध करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्यावी: तेथील मंडळी तुमच्या आधीही उपासना करत होती आणि तुमच्यानंतरही करत राहणार आहे. न्यूफाउंडलंडचे बिशप एडवर्ड फील्ड १८४८ साली ‘हॉक’ या चर्चच्या जहाजातून या किनाऱ्याच्या भेटीला आले. त्यानंतर कित्येक पिढ्या बहुतेक वस्त्यांना दीक्षित पाळक वर्षातले मोजकेच दिवस लाभत असे आणि एरवीच्या रविवारी गावातलेच कोणीतरी प्रार्थनापुस्तक उघडून उपासना चालवत असे. आजही एकाच पाळकाकडे अनेक गावांची चर्चे असतात. त्यामुळे जे काम फक्त पाळकच करू शकतो ते नीट करणे आणि बाकीचे काम गावकऱ्यांच्या हाती बळकट करणे, अशी सेवेची वाटणी पहिल्या दिवसापासून ठेवावी. पुढे जे लिहिले आहे ते सगळे याच एका विचारातून आले आहे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या अँग्लिकन मंडळीत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या ख्रिस्ती मंडळीत, आधी डीकन आणि मग पाळक अशी दीक्षा होते. १९७६ पासून स्त्रियांनाही पाळक म्हणून दीक्षा दिली जाते. या प्रांतातील अनेक उमेदवारांचे धर्मशिक्षण सेंट जॉन्स येथील क्वीन्स कॉलेजमध्ये होते. ते १८४१ पासून चालू आहे. बिशपांचा परवाना, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आणि विवाह लावण्यासाठी प्रांतिक सरकारकडील नोंदणी ही कामे निघण्यापूर्वीच उरकावीत. त्याचबरोबर बिशपांना काही साधे प्रश्न विचारायला संकोच करू नये: चर्चे किती, त्यांतली रस्त्याने जोडलेली किती, पाळकाचे घर गरम ठेवणाऱ्या तेलाचे बिल कोण भरते, सर्वांत जवळचा दुसरा पाळक किती तासांवर आहे, आणि सुटीच्या आठवड्यात अंत्यविधी आला तर कोणाला बोलवायचे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय निघूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासाबद्दल सांगायचे तर ५१० क्रमांकाच्या महामार्गाने बरेच काही सोपे केले आहे. २००९ च्या अखेरीस तो थेट हॅपी व्हॅली–गूज बेपर्यंत जोडला गेला. तरी दोन गावांमध्ये वाऱ्याने उडणारे बर्फ, रिकामा रस्ता आणि मोबाईलला रेंज नसलेले लांबच लांब टप्पे असतातच. ब्लॅक टिकलसारख्या बेटावरच्या वस्तीला रस्ता नाहीच. उन्हाळ्यात बोट, एरवी विमान किंवा स्नोमोबाईल. स्नोमोबाईल चालवायला शिकावे, पण समुद्राच्या किंवा तळ्याच्या बर्फावर एकट्याने कधीही जाऊ नये. बर्फ कुठे पातळ आहे हे नकाशात नसते. ते त्या आठवड्यात तिकडून आलेल्या माणसाला ठाऊक असते. तो ‘आज नको’ म्हणाला तर उपासना रद्द करावी आणि तसे फोनवर कळवावे. पाळक आला नाही म्हणून गाव रुसत नाही, पण पाळकाला शोधायला रात्री दहा माणसांना बर्फावर उतरावे लागले तर ती गोष्ट विसरली जात नाही.

वेळेचाही एक घोटाळा आहे आणि नवा पाळक त्यात हमखास सापडतो. मेरीज हार्बर, सेंट लुईस ही गावे न्यूफाउंडलंडच्या घड्याळाने चालतात, तर कार्टराइट अटलांटिक वेळेने. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक आहे. एकाच रविवारी दोन्हीकडे उपासना ठेवायची असेल, तर सूचना देताना प्रत्येक वेळी ‘कोणत्या घड्याळाने’ हे सांगावेच लागते.

गावात पोहोचल्यावर पहिले सहा महिने काहीही बदलू नये. गीतांची वही, बाकांची मांडणी, वेदीवरचे कापड, घंटा वाजवण्याची पद्धत, सगळे जसे आहे तसे राहू द्यावे आणि तो वेळ लोकांच्या स्वयंपाकघरांत घालवावा. किनाऱ्यावरच्या घरांत पुढच्या दाराने फारसे कोणी येत नाही. माणसे मागच्या दाराने थेट आत येतात, बूट काढतात आणि टेबलाशी बसतात. दार वाजवून बाहेर थांबणारा माणूस हा परका किंवा सरकारी कामासाठी आलेला समजला जातो. मी पहिले काही आठवडे शिष्टाचार म्हणून दार वाजवत राहिलो आणि प्रत्येक घरात आतली बोलणी थांबून एक अस्वस्थ शांतता पसरत असे. शेवटी एका वृद्ध बाईंनी चहा ओततानाच सांगितले, ‘‘फादर, तुम्ही दार वाजवलंत की मला वाटतं कोणी तरी गेलं.’’ त्या दिवसापासून मी आत जाऊन हाक देऊ लागलो.

भाषेकडेही लक्ष द्यावे. येथे नुसते ‘फिश’ म्हटले की कॉड हा एकच मासा समजायचा. सॅमन म्हणजे सॅमन, त्याला कोणी फिश म्हणत नाही. ‘टाइम’ म्हणजे गावाच्या हॉलमधला जेवणाचा आणि नाचगाण्याचा कार्यक्रम, ‘मग-अप’ म्हणजे मधल्या वेळचा चहा आणि त्यासोबतचे खाणे. हे शब्द उपदेशात मिरवण्यासाठी शिकू नयेत. ते ऐकून समजण्यासाठी शिकावेत. गालीलच्या समुद्रावरच्या पेत्र आणि योहान या येशूच्या मच्छीमार शिष्यांच्या गोष्टी या लोकांना तुम्ही समजावून देण्याची फारशी गरज नसते. रात्रभर कष्ट करून जाळे रिकामे येणे म्हणजे काय, हे त्यांना तुमच्याहून चांगले कळते. त्यामुळे अशा उताऱ्यांवर बोलण्याआधी धक्क्यावर उभे राहून दोन-तीन जणांना तो उतारा कसा वाटतो हे विचारून घ्यावे. माझे काही बरे उपदेश असेच तयार झाले.

वर्षाचे वेळापत्रक चर्चच्या पंचांगाइतकेच मासेमारीच्या हंगामावर बसवावे लागते. वसंतात बर्फ हटला की स्नो क्रॅबच्या बोटी निघतात, उन्हाळ्यात कॉड, ऑगस्टमध्ये दलदलीतली बेकअ‍ॅपल नावाची पिवळी फळे वेचायला अख्खी कुटुंबे बाहेर पडतात आणि शरदात शिकार व लाकूडतोड. क्रॅबच्या हंगामात व्हेस्ट्रीची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, बैठक, दृढीकरणाचा वर्ग किंवा बिशपांची भेट ठेवू नये. तेव्हा पाळकाने धक्क्यावर जावे, बोट आली की दोर पकडावा आणि बोलणे दोन वाक्यांत संपवावे. अभ्यासाचे, शिक्षणाचे, वाचनाचे सगळे काम जानेवारी ते मार्च या काळात करावे, कारण तेव्हा लोकांकडे वेळ असतो. रविवारी मासेमारीला न जाण्याची जुनी रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. मात्र कोटा, हवामान आणि खरेदीदार कारखान्याची वेळ यांच्यामुळे कोणाला जावे लागले तर त्याला वेदीवरून टोचून बोलू नये. तो आपल्या मनाशी ते आधीच बोलून चुकलेला असतो.

पैशाचे प्रश्न पाळकाने समजून घेतलेच पाहिजेत. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने उत्तरेकडील कॉडची मासेमारी बंद केली आणि सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले. ती बंदी संपल्याची घोषणा जून २०२४ मध्ये झाली. मधल्या काळात एक पिढी कामासाठी पश्चिमेकडच्या प्रांतांत निघून गेली होती. ज्यांनी तग धरला त्यांनी क्रॅब आणि कोळंबीवर धरला, आणि तिथेही भाव हातात नाही. २०२२ च्या हंगामाच्या सुरुवातीला क्रॅबला पौंडामागे ७.६० डॉलर मिळत होते, २०२३ मध्ये तोच भाव २.२० डॉलरवर आला आणि मच्छीमारांनी कित्येक आठवडे बोटी बांधून ठेवल्या. बोटीचे हप्ते मात्र थांबत नाहीत, आणि हिवाळ्यात मिळणारी बेरोजगारी विम्याची रक्कमही हंगामातल्या कमाईवरच ठरते. अशा वसंतात दानपेटी रिकामी येते. तेव्हा व्हेस्ट्रीत आकड्यांवर कोणाला लाजवू नये. तेलाचा खर्च कमी करण्यासाठी हिवाळाभर उपासना हॉलमध्ये किंवा एखाद्या मोठ्या स्वयंपाकघरात घ्यावी. बोटींना आशीर्वाद देण्याचा विधी मात्र हंगाम कसाही असो, दर वर्षी करावा. पाळकाने गळपट्टा घालून धक्क्यावर एकेका बोटीपाशी जावे, तिचे नाव आणि तिच्यावरच्या माणसांची नावे मोठ्याने घ्यावीत. नावे आदल्या दिवशी लिहून, दोनदा तपासून घ्यावीत. एक नाव राहिले तर ते घर वर्षभर लक्षात ठेवते.

थंडीतल्या उपासनेची काही व्यवहारी माहिती कोणत्याही धर्मविद्यालयात मिळत नाही. लाकडी चर्च आठवडाभर बंद असते, म्हणून शेगडी किमान तीन-चार तास आधी पेटवावी लागते आणि ते काम करणाऱ्या माणसाचे आभार दर आठवड्याला मानावे लागतात. उणे तीस अंशांत स्नोमोबाईलमागच्या कोमाटिक या लाकडी घसरगाडीवरून प्रभुभोजनाचे सामान न्यायचे असेल, तर द्राक्षारसाची बाटली सामानात ठेवू नये. ती गोठते आणि काच फुटते. बाटली कोटाच्या आत, अंगालगत ठेवावी. आजाऱ्यांना लावायचे तेल तर त्याआधीच घट्ट होते, म्हणून छोटी डबी हातमोज्याच्या आत तळव्याशी धरावी. प्याला चांदीचा असेल तर तो ओठांना लावण्याआधी शेगडीजवळ थोडा वेळ ठेवावा. या बारकाव्यांत भक्ती कमी होत नाही. ज्यांच्या घरी आपण तो प्याला नेतो, त्यांची आपल्याला काळजी आहे हे त्यांना यातूनच कळते.

आता ले रीडर, म्हणजे दीक्षा न घेतलेले, पण बिशपांच्या परवान्याने उपासना चालवणारे गावकरी. पाळकाचा सर्वांत जास्त वेळ यांच्यासाठी गेला पाहिजे. प्रभुभोजनाचे अर्पण, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद या तीन गोष्टी पाळकाच्या आहेत. सकाळची व संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, मध्यस्थीच्या प्रार्थना, आधीच अर्पण करून ठेवलेल्या भाकरीचे बिशपांच्या अनुमतीने वाटप, आजाऱ्यांच्या भेटी, आणि प्रसंगी अंत्यविधीही, हे सगळे प्रशिक्षित ले रीडर करू शकतो. त्यांना शिकवताना एक चूक टाळावी: छापील उपदेश हाती देऊन मोकळे होऊ नये. दर हिवाळ्यात आठ-दहा संध्याकाळी एकत्र बसावे, पुढच्या तीन महिन्यांचे उतारे वाचावेत आणि प्रत्येकाला दहा मिनिटांचे बोलणे स्वतःच्या शब्दांत लिहायला लावावे. मोठ्याने वाचून घ्यावे. ज्याला वाचताना अडखळायला होते, तो बहुधा प्रार्थना फार चांगली करतो. त्याला प्रार्थना द्यावी. १९६२ चे कॅनडाचे प्रार्थनापुस्तक आणि १९८५ चे पर्यायी उपासनापुस्तक या दोन्हींपैकी गावात कोणते मुरलेले आहे ते पाहावे. वयस्क ले रीडरांना जुने पुस्तक तोंडपाठ असते, त्यांच्या हातून ते काढून घेऊ नये. आणि तुम्ही गावात असतानाही महिन्यातून एक रविवार त्यांना उपासना चालवू द्यावी व तुम्ही बाकावर बसावे. हे मला स्वतःला जड गेले, पण मंडळी आपली आहे हे लोकांना त्याच रविवारी दिसते.

या किनाऱ्यावरचा सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे बोट वेळेवर न परतणे. गावाला ते पाळकाआधी कळते, कारण घराघरात सागरी रेडिओ चालू असतो. हॅलिफॅक्सच्या संयुक्त बचाव केंद्राकडून शोध सुरू होतो, गँडरच्या तळावरून १०३ क्रमांकाच्या तुकडीचे हेलिकॉप्टर निघते, तटरक्षक दलाचे जहाज वळते आणि गावातल्या जवळजवळ सगळ्या बोटीही बाहेर पडतात. अशा वेळी पाळकाने त्या घरी जावे आणि तेथेच राहावे. बोलावे कमी, ऐकावे जास्त. फोन मोकळा ठेवायला मदत करावी, मुलांना कोणाकडे पाठवायचे ते शेजारणींशी ठरवावे, स्टोव्हवर चहाचे भांडे रिकामे होऊ देऊ नये. रेडिओवर ऐकलेली अर्धवट बातमी कधीही पुढे सांगू नये. पोलीस किंवा बचाव केंद्र यांच्याकडून आलेलीच बातमी खरी मानावी. प्रार्थना करायला सांगितली तर शोधणाऱ्यांसाठी आणि समुद्रावर असलेल्यांसाठी करावी. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा एक शब्दही शोध चालू असेपर्यंत तोंडातून निघू नये, कारण पाळकाच्या तोंडून तो शब्द निघाला की त्या घराची आशा पाळकानेच संपवली असे होते. समुद्रावरच्या वादळाचे वर्णन असलेले बायबलमधले १०७ वे स्तोत्र अनेकांना पाठ असते; ते कोणी सुरू केले तर सोबत म्हणावे, आपण होऊन सुरू करू नये.

शोध थांबवल्याची सूचना येते तो क्षण वेगळाच असतो. त्यानंतर प्रकरण बेपत्ता व्यक्ती म्हणून पोलिसांकडे जाते. शरीर हाती आले नसेल तर मृत्यूची कायदेशीर नोंद लगेच होत नाही. विमा, बोट, परवाना सगळे लटकते. पत्नीला किंवा आईला या गोष्टी त्या आठवड्यात सांगायच्या नसतात, पण त्यांच्यासाठी योग्य वकिलाचा शोध तुम्ही त्याच आठवड्यात सुरू करावा. शवपेटी नसलेली स्मरणोपासना केव्हा घ्यायची हे फक्त कुटुंबाने ठरवावे. काही जण पंधरा दिवसांत तयार होतात, काही जण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतात. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकापासून समुद्रात केलेल्या दफनासाठी स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्यांत समुद्र आपले मृत परत देईल ही आशा स्पष्ट सांगितली आहे. शरीर सापडलेले नसताना मातीला माती म्हणण्याऐवजी हे शब्द घ्यावेत; ज्यांचे माणूस तेथे आहे त्यांना ते लागतात. दफनभूमीत नावाचा दगड बसवायचा असेल तर आडकाठी करू नये. आणि पुढे प्रत्येक वर्षी त्या तारखेला त्या घरी जावे, मागच्या दाराने.

हिवाळ्यातल्या दफनाचे गणित वेगळे आहे. जमीन दगडासारखी गोठते. पूर्वी कबरीच्या जागी रात्रभर आग पेटवून माती मऊ करत. आता यंत्र असले तरी वादळात ते पोहोचेलच असे नाही. त्यामुळे विधीची तारीख पक्की सांगण्याआधी खोदणाऱ्यांशी बोलावे. नातेवाईक बाहेरून यायचे असतील तर न्यूफाउंडलंड बेटावरून येणारी सेंट बार्ब–ब्लाँ-साब्लाँ फेरी बर्फामुळे अडकली आहे का तेही पाहावे. गंभीर आजारी माणसाला विमानाने सेंट अँथनीला किंवा गूज बेला नेतात आणि कित्येकदा शेवट तेथेच होतो. म्हणून त्या गावांतल्या पाळकांचे क्रमांक हाताशी असावेत आणि तेल लावण्याची विनंती निःसंकोच करावी.

उन्हाळ्यात दफनभूमीतली फुलांची उपासना येते, आणि बाहेरगावी गेलेले लोक तिच्यासाठी परत येतात. १९५४ ते १९७५ या काळात सरकारी पुनर्वसन योजनांखाली या प्रांतातल्या सुमारे ३०० वस्त्या उठल्या आणि सुमारे ३०,००० माणसांनी घरे सोडली. बॅटल हार्बरची कुटुंबेही मेरीज हार्बरला आली. बॅटल हार्बरला १८५० च्या दशकातले सेंट जेम्स चर्च अजून उभे आहे. जुन्या वस्तीत एखादी उपासना ठेवण्याची मागणी झाली, तर समुद्र शांत असलेला दिवस बघून होकार द्यावा. अशा ठिकाणी उपदेश पाच मिनिटांहून लांबवू नये. लोकांना आपापल्या घराच्या पायाचे दगड शोधायचे असतात.

आणखी एक इतिहास डोक्यात ठेवूनच बोलावे. या किनाऱ्यावरचे अनेक लोक दक्षिण लॅब्राडोरचे इनुइट, म्हणजे नुनातुकावुत समुदायाचे आहेत. कार्टराइटसह या प्रांतातल्या काही गावांत मिशनांनी चालवलेल्या, मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळा होत्या. कॅनडाच्या अँग्लिकन मंडळीने देशभरातल्या आपल्या निवासी शाळांबद्दल १९९३ मध्ये माफी मागितली, आणि या प्रांतातल्या अशा शाळांतून गेलेल्यांची माफी पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये गूज बे येथे मागितली. एखादे वृद्ध चर्चमध्ये कधीच येत नसतील तर त्यांना बोलावण्याचा आग्रह करू नये. ते बोलू लागले तर मिशनची चांगली कामे मध्येच सांगू नयेत. डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल १८९२ मध्ये आले आणि इस्पितळे उभी राहिली हे त्यांना माहीत असते. आपण ऐकायला आलो आहोत.

लहान गावात गुपित ठेवणे हे मोठे काम आहे. पाळकाची गाडी कोणाच्या दारात किती वेळ उभी होती हे सगळ्यांना दिसते, म्हणून सगळ्यांच्याच दारात ती नियमाने उभी राहील असे करावे. पापकबुलीत ऐकलेले चर्चच्या नियमाने कोणालाही सांगता येत नाही. मात्र एखाद्या मुलाला धोका आहे असे कळले, तर ते कळवणे या प्रांतात कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. हा फरक लोकांना आधीच, शांतपणे सांगून ठेवावा. स्वतःच्या एकटेपणाबद्दलही प्रामाणिक असावे. ठरलेल्या वारी दुसऱ्या पाळकाशी फोनवर प्रार्थना करावी, आणि फेब्रुवारीत किमान दहा दिवस बाहेर जावे.

निघण्याची वेळ येईल तेव्हा गावाला किमान सहा महिने आधी सांगावे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या पूर्ण कराव्यात. घाईत लिहिलेली नावे घरोघरी विचारून दुरुस्त करावीत. ज्यांच्या तारखा जपायच्या आहेत त्या घरांची यादी ले रीडरांशी बसून करावी. गेल्यावर एखाद्या कुटुंबाने अंत्यविधीसाठी बोलावले, तर नव्या पाळकाने स्वतः निमंत्रण दिल्याशिवाय जाऊ नये. शेवटच्या रविवारी उपासना ले रीडरने चालवावी, तुम्ही फक्त प्रभुभोजन अर्पण करावे आणि आशीर्वाद द्यावा. मग शेगडी विझल्याची खात्री करून, चर्चची आणि पाळकाच्या घराची अशा दोन्ही चाव्या वॉर्डनच्या, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्याच्या, हातात द्याव्यात, आणि तेलाच्या टाकीत किती तेल उरले आहे ते त्याला सांगावे.